फाइल सिस्टीमचा आकार बदलण्यापूर्वी करायच्या तपासण्या

लॅपटॉपवर विंडोजच्या जोडीला लिनक्स बसवायचे असते, किंवा लिनक्सचे होम पार्टिशन भरत आलेले असते आणि शेजारच्या पार्टिशनमध्ये बरीच जागा नुसती पडून असते, तेव्हा फाइल सिस्टीमचा आकार बदलण्याचा विषय निघतो. जीपार्टेडसारख्या प्रोग्राममध्ये हे काम माउसने एक पट्टी ओढण्याइतके सोपे दिसते. ही साधने वर्षानुवर्षे वापरून घोटीव झालेली आहेत आणि त्यांच्या स्वतःच्या दोषामुळे माहिती गेल्याचे प्रसंग विरळच असतात. नुकसान होते ते बहुधा चुकीची डिस्क निवडल्यामुळे, चुकीच्या एककात आकडा टाकल्यामुळे किंवा बरोबर आज्ञा चुकीच्या क्रमाने दिल्यामुळे. या तिन्ही गोष्टी काम सुरू करण्याआधीच तपासता येतात, म्हणून या लेखात प्रत्यक्ष बदलापेक्षा त्याआधीच्या तपासणीवर भर दिला आहे.

लेखातील आज्ञांची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. टर्मिनलमध्ये ती अर्थातच रोमन लिपीतील लहान अक्षरांत टाइप करावी लागतात.

पार्टिशन वेगळे, फाइल सिस्टीम वेगळी

पुढचे सारे ज्यावर अवलंबून आहे ती गोष्ट आधी समजून घ्यावी. पार्टिशन म्हणजे पार्टिशन टेबलमधील एक नोंद असते. अमुक सेक्टरपासून तमुक सेक्टरपर्यंतचा पट्टा या पार्टिशनचा, एवढेच ती सांगते. फाइल सिस्टीम, म्हणजे फाइल कुठे ठेवल्या आहेत याची व्यवस्था पाहणारी रचना, त्या पट्ट्यावर उभी असते आणि आपण किती ब्लॉकची (ठरावीक आकाराच्या तुकड्यांची) आहोत याचा हिशेब ती स्वतःच्या सुपरब्लॉकमध्ये, म्हणजे मुख्य नोंदीत, ठेवते. सातबाऱ्यावरची हद्द आणि त्या जमिनीवर बांधलेले घर यांच्यात जो फरक आहे, तोच इथेही आहे. सातबाऱ्यावरची हद्द आत घेतल्याने घराची भिंत आपोआप आत सरकत नाही.

यावरून कामाचा क्रम ठरतो. लहान करताना आधी फाइल सिस्टीम लहान करायची आणि मग पार्टिशन; मोठे करताना आधी पार्टिशन वाढवायचे आणि मग फाइल सिस्टीम. मध्ये एलव्हीएम (डिस्कची जागा एकत्र करून लवचीकपणे वाटणारी लिनक्सची व्यवस्था) किंवा लक्स (लिनक्समधील डिस्कचे एन्क्रिप्शन) यांचा थर असेल तरी नियम तोच राहतो: लहान करताना आतून बाहेर, मोठे करताना बाहेरून आत. क्रम उलटला आणि पार्टिशन आधी कापले गेले, तर फाइल सिस्टीमची शेपटी हद्दीबाहेर राहते आणि ईएक्सटी४ ही लिनक्सची फाइल सिस्टीम असेल तर ब्लॉकची संख्या डिव्हाइसच्या आकारापेक्षा जास्त असल्याचे सांगून कर्नल (प्रणालीचा गाभा) ती माउंट करायला, म्हणजे वापरासाठी जोडून घ्यायला, नकार देतो. अशा वेळी घाबरून दुरुस्तीच्या आज्ञा देत सुटू नये. कापलेल्या भागावर काही लिहिले गेले नसेल, तर पार्टिशनचा शेवट पूर्वीच्या आकड्यावर नेऊन ठेवल्यास फाइल सिस्टीम बहुतेक वेळा जशीच्या तशी परत मिळते. अट एवढीच की तो जुना आकडा तुमच्याकडे लिहिलेला असला पाहिजे.

जीपार्टेड हा क्रम स्वतः पाळतो आणि नवख्यांनी तोच वापरावा असे माझे मत आहे. एलव्हीएमवर लॉजिकल व्हॉल्यूम (तिथले पार्टिशनसारखे विभाग) लहान करताना एलव्हीरिड्यूस या आज्ञेला रिसाइझएफएस हा पर्याय जोडावा, म्हणजे दोन्ही कामे योग्य क्रमाने होतात.

पहिली तपासणी: फाइल सिस्टीम कोणती आहे

एलएसबीएलके ही आज्ञा वजा-एफ या पर्यायासह दिली की प्रत्येक पार्टिशनवर कोणती फाइल सिस्टीम आहे, तिचा यूयूआयडी (कायमचा ओळख क्रमांक) काय आहे आणि ती कुठे माउंट झालेली आहे हे दिसते. हे आधी पाहण्याचे कारण असे, की काय करता येईल याच्या मर्यादा प्रत्येक फाइल सिस्टीमच्या निराळ्या आहेत.

उबुंटू आणि डेबियनवर सहसा ईएक्सटी४ आढळते. ती माउंट असतानाही मोठी करता येते, परंतु लहान करायची असल्यास अनमाउंट करावीच लागते. रूट पार्टिशन, म्हणजे ज्यावर लिनक्स स्वतः बसलेले असते ते, चालू प्रणालीतून अनमाउंट करता येत नाही, म्हणून अशा वेळी लाइव्ह यूएसबीवरून (लिनक्स असलेल्या पेन ड्राइव्हवरून) संगणक सुरू करावा लागतो. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्सच्या ७व्या आवृत्तीपासून मूळ निवड एक्सएफएस ही आहे. ती माउंट असताना वाढते, पण व्यवहारात लहान करता येत नाही. एक्सएफएसची जागा कमी करायची असेल तर माहिती दुसरीकडे हलवून नवी, लहान फाइल सिस्टीम तयार करणे एवढाच मार्ग उरतो आणि तो आकार बदलण्याचा नव्हे, स्थलांतराचा प्रकल्प असतो. फेडोरा वर्कस्टेशनमध्ये ३३व्या आवृत्तीपासून बीटीआरएफएस असते आणि ती माउंट असतानाच दोन्ही दिशांनी बदलते. पेन ड्राइव्हवर आढळणाऱ्या एक्सफॅटचा आकार बदलण्याची सोय जीपार्टेडमध्ये नाही. तिथे माहिती उतरवून घेणे आणि पुन्हा फॉरमॅट करणे हेच सरळ पडते.

विंडोजच्या एनटीएफएसबद्दल पुढे सविस्तर लिहिले आहे, कारण नवख्यांची सर्वाधिक अडचण तिथेच होते.

दुसरी तपासणी: डिस्क हीच का

लिनक्समधील एसडीए, एसडीबी ही नावे कायमची नसतात. डिस्क ज्या क्रमाने सापडल्या त्या क्रमाने ती दिली जातात, त्यामुळे नेहमीच्या प्रणालीत जी डिस्क एसडीए असते तीच लाइव्ह यूएसबीवरून संगणक सुरू केल्यावर एसडीबी होऊ शकते आणि एसडीए हे नाव पेन ड्राइव्हला मिळू शकते. म्हणून पाठ असलेल्या नावावर विसंबू नये. एलएसबीएलकेला मॉडेल आणि सिरियल हे स्तंभ दाखवायला सांगावे, डिस्कचे मॉडेल, अनुक्रमांक आणि आकार या तिन्ही गोष्टी जुळवून पाहाव्यात आणि लाइव्ह यूएसबीवर गेल्यानंतर त्या पुन्हा एकदा जुळवाव्यात. एकाच कंपनीच्या, एकाच क्षमतेच्या दोन डिस्क असतील तर केवळ अनुक्रमांकावरच त्या ओळखता येतात. कामाशी संबंध नसलेल्या बाह्य डिस्क सरळ काढून ठेवाव्यात. समोर नसलेल्या डिस्कवर चुकीची आज्ञा चालत नाही.

तिसरी तपासणी: बॅकअप आहे, पण तो उघडतो का

बॅकअप घ्या, हा सल्ला सगळेच देतात. तो कसा नसावा हे सांगणे जास्त उपयोगाचे आहे. त्याच डिस्कच्या दुसऱ्या पार्टिशनवर ठेवलेली प्रत हा या कामासाठी बॅकअप नव्हे, कारण पार्टिशन टेबलला धक्का लागला की दोन्ही एकदमच अदृश्य होतात. क्लाउडशी जुळवून ठेवलेला फोल्डरही पुरेसा नव्हे, कारण त्या फोल्डरबाहेरच्या फाइल त्यात नसतात आणि कधी कधी फोल्डरातल्या फाइलसुद्धा संगणकावर नुसत्या नावापुरत्या असतात. वेगळ्या, भौतिकदृष्ट्या स्वतंत्र डिस्कवर प्रत घ्यावी. शक्य असल्यास क्लोनझिलासारख्या साधनाने संपूर्ण डिस्कची प्रतिमा घ्यावी, म्हणजे केवळ फाइलच नव्हे तर बूट होण्याची व्यवस्थाही परत मिळवता येते.

त्यानंतर त्या बॅकअपमधून वेगवेगळ्या फोल्डरांतल्या काही फाइल दुसऱ्या संगणकावर उघडून पाहाव्यात. जुने फोटो, एखादी मोठी व्हिडिओ फाइल, हिशेबाचे एखादे एक्सेल, टॅलीचा डेटा, जे हरवले तर खरोखर अडेल तेच उघडून पाहावे. कॉपी पूर्ण झाल्याचा संदेश दिसणे आणि फाइल उघडणे यांत फरक असतो.

याच टप्प्यावर पार्टिशन टेबलचीही प्रत घ्यावी. एसएफडिस्क ही आज्ञा डंप या पर्यायासह दिली की प्रत्येक पार्टिशनची सुरुवात, लांबी आणि प्रकार लिहिलेली जेमतेम काही ओळींची मजकुराची फाइल मिळते. ती पेन ड्राइव्हवर ठेवावी आणि तिचा मोबाइलवर फोटोही काढावा. जीपीटी या आजच्या पार्टिशन टेबलच्या पद्धतीत टेबलची एक प्रत डिस्कच्या सुरुवातीला आणि दुसरी शेवटी असते हे खरे, परंतु पार्टिशनचे प्रोग्राम दोन्ही प्रती एकदमच बदलतात, त्यामुळे आपल्या हातून झालेल्या चुकीपासून ती दुसरी प्रत वाचवत नाही.

चौथी तपासणी: डिस्कची प्रकृती

आकार लहान करताना शेवटच्या भागातील ब्लॉक पुढे आणून ठेवावे लागतात, म्हणजे एरवी महिनोन् महिने न वाचलेला भागही वाचला जातो. डिस्क आजारी असेल तर ती नेमकी अशाच वेळी अडते. स्मार्टसीटीएल ही आज्ञा वजा-ए या पर्यायासह द्यावी, किंवा जीनोमच्या डिस्क्स या प्रोग्राममधील स्मार्टची, म्हणजे डिस्क स्वतःच्या प्रकृतीबद्दल ठेवत असलेली, माहिती पाहावी. फिरत्या हार्ड डिस्कवर ५, १९७ आणि १९८ या क्रमांकांच्या ओळी, म्हणजे बदलून घेतलेले सेक्टर, निर्णयाच्या प्रतीक्षेत असलेले सेक्टर आणि न सुधारता आलेले सेक्टर, यांच्या कच्च्या आकड्यांकडे लक्ष द्यावे. १९७ क्रमांकापुढे शून्याहून मोठा आकडा असेल तर आकार बदलण्याचा बेत तिथेच थांबवावा आणि आधी माहिती बाहेर काढावी. १९९ क्रमांकाचा आकडा वाढत असेल तर दोष बहुधा डिस्कचा नसून केबलचा असतो. केबल बदलून पुन्हा पाहावे. एनव्हीएमई प्रकारच्या एसएसडीवर क्रिटिकल वॉर्निंग शून्य आहे ना आणि मीडिया एररचा आकडा शून्य आहे ना, हे पाहावे. वरती सगळ्याचा निकाल म्हणून पास असे लिहून येते, पण केवळ त्यावर भरवसा ठेवू नये. खराब सेक्टर असलेल्या डिस्कसुद्धा तो शेरा मिळवतात.

पाचवी तपासणी: फाइल सिस्टीम निरोगी आहे का

ईएक्सटी४ अनमाउंट करून ई२एफएससीके ही आज्ञा वजा-एफ या पर्यायासह चालवावी. वजा-एफ अशासाठी, की फाइल सिस्टीमवर स्वच्छ असा शिक्का असेल तर एरवी ही आज्ञा काहीही न तपासताच परतते. तपासणी पाच फेऱ्यांत होते आणि शेवटी किती फाइल, किती ब्लॉक वापरात आहेत याची एक ओळ येते. काही दुरुस्त्या झाल्या असतील तर आज्ञा पुन्हा चालवावी. दुसऱ्या खेपेस एकही प्रश्न न विचारता ती पूर्ण झाली तरच पुढे जावे. लगेच नंतर इको ही आज्ञा डॉलर आणि प्रश्नचिन्ह या चिन्हांसह ($?) देऊन तिचा निकालाचा आकडा पाहता येतो: ० म्हणजे दोष नाही, १ म्हणजे दोष होते आणि ते दुरुस्त झाले, ४ म्हणजे दोष तसेच राहिले आहेत. माउंट असलेल्या फाइल सिस्टीमवर ही आज्ञा कधीही दुरुस्तीसाठी चालवू नये. ती तसा इशारा देते आणि तो इशारा मनावर घेण्याजोगा असतो.

एनटीएफएसची तपासणी विंडोजमधूनच करावी. सीएचकेडीएसके ही आज्ञा तिरकी रेघ आणि एफ अशा पर्यायाने (इथे वजा नव्हे) चालवावी आणि संगणक पुन्हा सुरू करून ती पूर्ण होऊ द्यावी. त्यानंतर दोन अडथळे पाहायचे असतात. पहिला फास्ट स्टार्टअपचा. विंडोज ८पासून आलेल्या या सोयीमुळे शटडाउन केल्यावर संगणक पूर्णपणे बंद होत नाही. कर्नलची स्थिती हायबरनेशन फाइलमध्ये लिहून ठेवली जाते आणि एनटीएफएस अर्धवट उघड्या अवस्थेत राहते. अशा फाइल सिस्टीमला लिनक्समधून हात लावणे धोक्याचे असते. कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समधून फास्ट स्टार्टअप बंद करावे, किंवा निदान शिफ्ट दाबून ठेवून शटडाउन करावे.

दुसरा अडथळा बिटलॉकरचा, म्हणजे विंडोजच्या डिस्क एन्क्रिप्शनचा. अलीकडच्या बऱ्याच लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन केले की डिव्हाइस एन्क्रिप्शन मालकाच्या लक्षातही न येता सुरू झालेले असते. आपण ते कधी चालू केले नाही, यावरून ते बंद आहे असे समजू नये. अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेल्या कमांड प्रॉम्प्टवर मॅनेज-बीडीई ही आज्ञा स्टेटस पर्यायासह दिल्यास खरी स्थिती कळते. एन्क्रिप्शन चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की मायक्रोसॉफ्टच्या खात्यातून काढून कागदावर उतरवून घ्यावी आणि तिच्यासोबत दिलेला ओळख क्रमांक याच लॅपटॉपचा आहे हेही पडताळावे, कारण एकाच खात्यात जुन्या लॅपटॉपच्या किल्ल्याही साठलेल्या असतात. बिटलॉकर असलेले पार्टिशन जीपार्टेड लहान करू शकत नाही. ते विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधील श्रिंक व्हॉल्यूमनेच करावे. खरे तर बिटलॉकर नसले तरीही विंडोजचे पार्टिशन विंडोजकडूनच लहान करून घेणे आणि मोकळी झालेली जागा लिनक्सला देणे हाच शहाणपणाचा मार्ग आहे.

श्रिंक व्हॉल्यूम अनेकदा मोकळ्या जागेच्या मानाने फारच थोडी जागा देऊ करते. २०० जीबी मोकळे असताना केवळ ३० जीबी देण्याची तयारी दिसली म्हणून डिस्क बिघडली असे समजू नये. पेजफाइल, हायबरनेशन फाइल आणि सिस्टीम रिस्टोरच्या प्रती विंडोज चालू असताना हलवता येत नाहीत आणि त्यांतली एखादी पार्टिशनच्या मध्यावर बसलेली असली की तिच्या अलीकडे हद्द आणता येत नाही. या तिन्ही सोयी तात्पुरत्या बंद करून, संगणक पुन्हा सुरू करून बघावे आणि काम झाल्यावर त्या आठवणीने परत चालू कराव्यात.

सहावी तपासणी: जागेचा हिशेब आणि एकक

या तपासणीवर वेळ घालवावा तेवढा थोडा आहे. डिस्क विकणाऱ्यांचा जीबी म्हणजे १०० कोटी बाइट. संगणकाच्या आतल्या हिशेबातील जीआयबी म्हणजे १०७,३७,४१,८२४ बाइट. विंडोज मोजते जीआयबीमध्ये आणि लिहिते मात्र जीबी, म्हणून ५१२ जीबीची एसएसडी तिथे ४७६ जीबीची दिसते. हा फरक रोजच्या वापरात कुणाला जाणवत नाही, पण आकार बदलताना तोच घात करतो.

उदाहरण घेऊ. रिसाइझ२एफएस या आज्ञेला १०० आणि पुढे जी असे लिहून दिले, तर ती फाइल सिस्टीम १०० जीआयबीची, म्हणजे १०७.३७ अब्ज बाइटची करते. त्यानंतर पार्टेड या प्रोग्रामला १०० जीबी असे सांगितले तर तो नेमके १०० अब्ज बाइट धरतो. दोन्हीकडे आकडा १०० असूनही फाइल सिस्टीमचे शेवटचे ७.३७ अब्ज बाइट पार्टिशनच्या बाहेर पडतात. पार्टेडमध्ये आणखी एक खाच आहे. त्याच्या रिसाइझपार्ट आज्ञेला पार्टिशनचा आकार द्यायचा नसतो, डिस्कच्या सुरुवातीपासून मोजलेला शेवट द्यायचा असतो. पार्टिशन ४० जीआयबीपासून सुरू होत असेल आणि ते १०० जीआयबीचे हवे असेल, तर शेवट १४० जीआयबी असा द्यावा लागतो. १०० दिल्यास हाती ६० जीआयबीचे पार्टिशन येते. लहान करताना माहिती जाऊ शकते असा इशारा पार्टेड देतो खरा, पण आकडा बरोबर असला तरी तो देतो आणि चुकला तरी देतो, त्यामुळे त्यावरून काहीच समजत नाही.

यावर जुना आणि खात्रीचा उपाय आहे. फाइल सिस्टीम हव्या असलेल्या आकारापेक्षा मुद्दाम जास्त लहान करावी. पार्टिशन १०० जीआयबीचे करायचे असेल तर फाइल सिस्टीम आधी ९० जीआयबीवर आणावी, मग पार्टिशन १०० जीआयबीचे करावे आणि शेवटी रिसाइझ२एफएस आकडा न देता चालवावी, म्हणजे ती उपलब्ध जागा बरोबर भरून घेते. मधल्या १० जीआयबीच्या सवलतीत एककाची चूक, आकडे पूर्णांकात बसवताना पडणारी तफावत आणि मोजणीतला फरक हे सारे पचून जाते.

किती लहान करता येईल हे रिसाइझ२एफएस वजा-पी (इथे पी हे मोठे अक्षर) या पर्यायाने सांगते. उत्तर ब्लॉकमध्ये येते आणि ब्लॉक सहसा ४,०९६ बाइटचा असतो. उत्तर १,५०,००,००० आले तर त्याचा अर्थ सुमारे ५७ जीआयबी. हा आकडा अंदाज असतो आणि त्याच्या अगदी काठावर जाऊ नये. खचाखच भरलेल्या फाइल सिस्टीममध्ये लहान करण्याचे काम तासन् तास चालते आणि नंतर दोन दिवसांत जागा पुन्हा संपते. मोठे करतानाही एक मर्यादा पाहावी: एमबीआर या जुन्या पद्धतीच्या पार्टिशन टेबलमध्ये, सेक्टर ५१२ बाइटचा असल्यास, पार्टिशन २ टीआयबीच्या (२,०४८ जीआयबीच्या) पुढे जात नाही.

सुरुवात हलवावी लागणार आहे का

पार्टिशनचा शेवट मागेपुढे करणे तुलनेने हलके काम आहे. सुरुवात बदलायची झाली तर मात्र सगळी माहिती उचलून नव्या जागी लिहावी लागते, मोठ्या हार्ड डिस्कवर त्याला कित्येक तास लागतात आणि मध्येच खंड पडला तर अर्धी माहिती जुन्या जागी आणि अर्धी नव्या जागी अशी अवस्था होते. जीपार्टेडमध्ये पट्टीचे डावे टोक ओढले की हेच काम मागितले जाते, म्हणून डावे टोक हलवण्याआधी दुसरा काही मार्ग आहे का ते पाहावे. मोकळ्या जागेत नवे पार्टिशन करून ते एखाद्या फोल्डरवर माउंट केले तरी पुष्कळदा गरज भागते. विंडोजमध्ये सी ड्राइव्हच्या लगेच मागे रिकव्हरी पार्टिशन असल्यामुळे एक्सटेंड व्हॉल्यूमचा पर्याय फिका दिसतो. तिथेही तो अडथळा पुसून टाकण्याची घाई करू नये.

काही मार्गदर्शिकांत एफडिस्कने पार्टिशन पुसून, पुन्हा त्याच सेक्टरपासून मोठे तयार करायला सांगितलेले असते. ही पद्धत चालते, परंतु सुरुवातीचा सेक्टर तोच असावा लागतो आणि जुन्या फाइल सिस्टीमची खूण काढू का, असा प्रश्न आल्यास उत्तर नाही असेच द्यावे लागते.

वीज आणि वेळ

लॅपटॉप चार्जरला जोडलेला आणि बॅटरीही भरलेली असावी. डेस्कटॉपला यूपीएस असावा आणि त्याची बॅटरी बसलेली नाही ना, हे आधी प्लग काढून पाहावे. पावसाळ्यात दिवसातून चार वेळा वीज जाणाऱ्या गावात हे काम सकाळी, वीज स्थिर असताना करावे. स्लीप आणि स्क्रीन लॉक बंद ठेवावेत. बाह्य डिस्क असेल तर ती हबमधून न जोडता थेट संगणकाला जोडावी.

काम सुरू झाल्यावर आणि नंतर

जीपार्टेडमध्ये केलेले बदल आधी खालच्या यादीत जमा होतात आणि हिरवी खूण दाबेपर्यंत डिस्कवर काहीच लिहिले जात नाही. ती यादी एकदा मोठ्याने वाचावी: कोणती डिस्क, कोणते पार्टिशन, किती पासून किती. हलवणे असा शब्द अनपेक्षितपणे दिसला तर सुरुवात बदलली जात आहे, म्हणून यादी पुसून पुन्हा मांडावी. एकदा काम सुरू झाले की प्रगतीची पट्टी थबकलेली दिसली तरी रद्द करू नये. डिस्कचा दिवा लुकलुकत असेल तर काम चालू आहे.

काम संपल्यावर तपशिलाची नोंद फाइलमध्ये साठवावी, ई२एफएससीके पुन्हा चालवावी आणि फाइल सिस्टीमच्या ब्लॉकची संख्या गुणिले ब्लॉकचा आकार हा गुणाकार पार्टिशनच्या बाइटपेक्षा मोठा नाही ना, हे पाहावे. विंडोजचे पार्टिशन लिनक्समधून बदलले असेल तर पुढच्या वेळी विंडोज सुरू होताना डिस्कची तपासणी आपोआप लागते. ती वगळू नये आणि त्यानंतर विंडोज आणखी एकदा सुरू करून बंद करावे. बॅकअपची डिस्क मात्र लगेच दुसऱ्या कामाला लावू नये; रोजची सगळी कामे, छपाई, हिशेब, फोटो, नव्या मांडणीवर व्यवस्थित होत आहेत याची आठवडा-दोन आठवडे खात्री पटल्यावरच ती मोकळी करावी.